वाट चुकण्याआधीचा तास

(गडकोटांच्या पदभ्रमण मोहिमांचे नेतृत्व करणारे तरुण कार्यकर्ते आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डोंगरात वाट चुकण्याचा क्षण आणि वाट चुकल्याचे ध्यानात येण्याचा क्षण यांत पुष्कळदा तासाभराचे अंतर पडते. जीव धोक्यात येतो तो पुढे, रात्री. परंतु त्या रात्रीचे बीज या तासात पेरले जाते. पुढे चालणाऱ्याला वाट जरा बारीक झाल्यासारखी वाटते. मधल्या एखाद्याला शंका येते की मघाचा ओढा उजव्या हाताला असायला हवा होता. कोणी बोलत नाही, कारण नेता आत्मविश्वासाने चालला आहे. आणि नेता थांबत नाही, कारण त्याच्या मागून वीस जण येत आहेत. नकाशा, होकायंत्र, उपग्रह, तारे ही दिशाज्ञानाची सगळी साधने या एका तासाची दहा मिनिटे करण्यासाठी आहेत.

ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून हरिश्चंद्रगडावर गेलेला एक लहान गट पावसात आणि धुक्यात वाट चुकला. मदत पोहोचेपर्यंत त्यांतील एकाचा मृत्यू झाला होता. हरिश्चंद्रगड हा काही अज्ञात मुलूख नव्हे. पाचनईची वाट आहे, खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट आहे, सुट्टीच्या दिवशी शेकड्यांनी माणसे तेथे असतात. परंतु तोलार खिंडीतून कातळटप्पा चढून वर आलेल्या माणसाला मंदिर लगेच लागत नाही. मध्ये लहानमोठ्या टेकड्या आणि झाडीचे पट्टे आहेत. धुक्यात एक टेकडी दुसरीसारखी दिसते आणि पश्चिमेला कोकणकडा तुटलेला असतो. अशा ठिकाणी धैर्य आणि दमसास असून भागत नाही. आपण कोठे आहोत हे प्रत्येक अर्ध्या तासाला माहीत असावे लागते.

हिमालयात माणूस बहुधा वाट नसल्याने चुकतो. सह्याद्रीत तो वाटा फार असल्याने चुकतो. गुरे राखणारे, लाकूडफाटा आणणारे, मध काढणारे, देवाला जाणारे अशा सर्वांच्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणून येथे पहिली विद्या म्हणजे वाटेची जात ओळखणे. ढोरवाट डोंगराच्या पोटाशी आडवी जाते, पाण्याकडे किंवा गवताकडे रोख ठेवते आणि पुढे फुटून विरून जाते. तिच्यावर फांद्या कमरेच्या उंचीलाच आडव्या येतात, कारण गुराला तेवढी मोकळी जागा पुरते. माणसाची वाट खिंडीकडे, गावाकडे, देवळाकडे जाते. तिच्यावर डोक्यापर्यंत रान मोकळे असते, कातळ पायांनी गुळगुळीत झालेला असतो, एखाद्या फांदीवर कोयत्याचा जुना घाव दिसतो. लाकूडतोड्याची वाट रुंद आणि फसवी. ती एखाद्या तोडलेल्या बुंध्याशी जाऊन संपते. वाट दुभंगली की नेत्याने थांबून, दोन्ही फाट्यांवर पन्नास पावले जाऊन या खुणा पाहाव्यात. पावसाळा सरला की गवत छातीला लागते, कारवीचे रान माणसाला गिळून टाकते आणि उन्हाळ्यात चाललेली ओळखीची वाटही अनोळखी होते. ‘मी इथे दोनदा आलो आहे’ हे वाक्य या ऋतूत फारसे विश्वासार्ह नसते.

दुसरी गोष्ट भूरचनेची. परदेशी पुस्तकांतून आलेला एक उपदेश मराठी तरुणांच्या तोंडी बसला आहे: वाट चुकल्यास ओढ्याच्या प्रवाहाबरोबर खाली उतरावे, पाणी गावाकडे नेते. सह्याद्रीत हा उपदेश प्राणघातक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांतून हा पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर घडला. कडा, त्याखाली झाडीचा पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर अशी त्याची उतरंड असते. ओढा पदरावरून शांतपणे वाहतो आणि कड्यावरून उडी घेतो. त्याच्या मागे उतरणारा माणूस दोनतीन कातळटप्पे घसरत, लटकत उतरतो; चौथा उतरता येत नाही आणि मागचे तीन चढता येत नाहीत. पुष्कळ गट अडकतात ते अशाच ठिकाणी, आणि मग दोर घेऊन स्वयंसेवकांना वरून उतरावे लागते. ज्यांची माहिती नाही अशा नाळेत किंवा घळीत खाली शिरू नये. दिशा कळेनाशी झाली तर धारेकडे, उघड्या जागेकडे, वर जावे. तेथून दिसते, तेथे आवाज पोहोचतो आणि फोनची लहर मिळण्याची शक्यताही तेथेच अधिक.

घाटमाथ्यावर चालणाऱ्याने आणखी एक ढोबळ ठोकताळा मनात ठेवावा. पूर्वेला देशाकडे उतार सौम्य, पश्चिमेला कोकणाकडे एकदम तुटलेला. पूर्वेकडे झालेली चूक पायांना महाग पडते, पश्चिमेकडची चूक जिवाला. धुक्यात रोख निवडण्याची वेळ आलीच, तर तो कड्यापासून दूर, पूर्वेकडचा असावा. पावसाळ्यात वारा बहुधा नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो. उत्तरेस चालताना तो डाव्या गालावर लागला पाहिजे. कड्याच्या काठाशी मात्र हवा खालून वर उसळते आणि हा हिशेब बिघडतो. समोरून, पायाखालून वारा येऊ लागला तर तेथेच थांबावे.

या मुलखाची ओळख असणे म्हणजे काय, हे उंबरखिंडीने दाखविले आहे. शाहिस्तेखानाने कोकण घेण्यासाठी पाठविलेला कारतलबखान घाटावरून कुरवंड्याच्या वाटेने खाली उतरला. फौज मोठी होती, तोफा होत्या, सोबत रायबागनसारखी अनुभवी सरदार होती. वाट अरुंद, दोन्ही बाजूंस रान, पाणी दूर. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी त्या फौजेला खिंडीत कोंडले आणि खंडणी घेऊन, शरण आलेल्यांना जाऊ दिले. उतरणाऱ्यांना वाट दिसत होती, ती कोठे अरुंद होते आणि पाणी कोठे आहे हे ठाऊक नव्हते. वर उभ्या असलेल्यांना ते ठाऊक होते. शौर्याच्या कथेत भूगोलाचा हा भाग पुष्कळदा सांगायचा राहतो.

आता नकाशाकडे वळू. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ साली स्थापन झाला. एव्हरेस्टची उंची गणिताने काढणारे राधानाथ सिकदर याच विभागातले. असे असूनही सह्याद्रीतील भटक्यांच्या दोन पिढ्यांनी या विभागाची मोठ्या प्रमाणावरील पत्रके क्वचितच पाहिली, कारण किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील पत्रकांवर निर्बंध होते आणि सह्याद्रीचा बराचसा भाग त्याच पट्ट्यात येतो. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकांचे मोल त्या काळात केवढे होते, हे आजच्या मुलांना कळणे कठीण आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी खुली पत्रके वेगळी काढली आणि २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी निर्बंध आणखी सैल केले. आता सबब उरलेली नाही.

१:५०,००० प्रमाणाच्या पत्रकात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. डोंगराळ भागात समोच्च रेषा बहुधा वीस मीटरच्या अंतराने असतात. रेषा विरळ तेथे पठार, दाट तेथे चढ, एकमेकींना चिकटल्या तेथे कडा. रेषांचे टोक उताराकडे फुगले तर सोंड, चढाकडे घुसले तर घळ. हे वाक्य पाठ करून उपयोग नाही. घराजवळच्या टेकडीवर पत्रक हातात घेऊन चार रविवार घालवावेत. पुण्यातील सिंहगडाची डोंगररांग किंवा मुंबईकरांना माथेरानचा डोंगर याला उत्तम. समोर दिसणारी सोंड कागदावर बोटाने दाखविता आली की अर्धी विद्या आली. निळी रेघ बारमाही पाण्याची आणि काळी कोरड्या ओढ्याची, हेही ध्यानात ठेवावे. डिसेंबरात काळ्या रेघेवर पाण्याचा हिशेब बांधणारा गट तहानेने व्याकुळ होतो. पत्रकावरील पाऊलवाटेवर मात्र फार विसंबू नये. सर्वेक्षणाला वर्षे लोटलेली असतात. डोंगर हलत नाही, वाट हलते.

होकायंत्राच्या सुईची खरी परीक्षा मुंबईत झाली. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरल्यावर त्या विजेने सुया थरथरतील हे ओळखून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले आणि तेथील इमारती चुंबकाला न खेचणाऱ्या साहित्याने बांधण्यात आल्या. नानाभाई मूस यांची ही दूरदृष्टी. वेधशाळेने शहर सोडले. भटक्याने निदान लोखंडी कठडा, विजेचा खांब आणि चुंबकाची झडप असलेले फोनचे आवरण यांपासून दोन पावले दूर उभे राहून दिशा पाहावी. सह्याद्रीचा कातळ स्वतःच लोहयुक्त आहे. होकायंत्र खडकावर ठेवून घेतलेली दिशा, विशेषतः जेथे वीज पडून गेली असेल अशा माथ्यावर, चुकीची येऊ शकते. ते छातीशी धरावे आणि दहा पावले सरकून दुसऱ्यांदा पाहावे. दोन्ही उत्तरे जुळली तरच मानावीत.

अमेरिकेच्या वायव्य भागात खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांत पंधरा अंशांच्या आसपास फरक पडतो, म्हणून तिकडच्या पुस्तकांत त्या दुरुस्तीवर पानेच्या पाने असतात. सह्याद्रीत हा फरक एक अंशाहून कमी आहे. एक अंशाची चूक किलोमीटरभरात सतरा मीटरची होते. ती दुर्लक्षिता येते आणि नवशिक्याचे अर्धे भय तेथेच संपते. उरते ते दोन खुणांवरून स्थान काढणे. रतनगडाच्या माथ्यावर स्वच्छ हवेत उभे राहिल्यास कळसूबाई उत्तरेस आणि हरिश्चंद्रगड दक्षिण-आग्नेयेस दिसतो. दोन्हींचे अंश मोजून पत्रकावर त्या शिखरांपासून उलट रेषा ओढल्या की त्या जेथे छेदतात तेथे मोजणारा उभा आहे. गडावर, जेथे स्थान आधीच माहीत आहे, तेथे हा सराव करावा. शिकण्याची जागा धुके नव्हे.

आणि धुके असेलच तर? तेथे उपयोगी पडतो तो वेळेचा आणि पावलांचा हिशेब. स्कॉटलंडमधील नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये साधा नियम दिला: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. सहा किलोमीटर चाल आणि सहाशे मीटर चढ असेल तर उत्तर सव्वादोन तासांच्या आत येते. हा सडसडीत, सरावलेल्या माणसाचा हिशेब. वीस जणांचा गट, पाठीवर ओझे, पावसाने निसरडी झालेली वाट असताना त्यात निम्म्याने भर घालावी. नेत्याने निघण्याची वेळ, ओढा ओलांडल्याची वेळ, खिंड आल्याची वेळ वहीत लिहीत जावी. खिंड पाऊण तासात यायला हवी आणि सव्वा तास झाला तरी आली नाही, तर वहीच सांगते की काहीतरी बिघडले आहे. व्याख्यानाच्या प्रारंभी ज्या तासाचा उल्लेख झाला तो असा पकडता येतो. शंभर मीटरला आपली किती पावले पडतात, हेही प्रत्येकाने मैदानावर मोजून ठेवावे. उजवा पाय तेवढा मोजल्यास साठ ते पासष्टच्या आसपास आकडा येतो.

सूर्य-ताऱ्यांविषयी थोडेसे. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून दक्षिण काढण्याची रीत बालवीरांच्या पुस्तकांतून सर्वत्र पसरली आहे. ती युरोपातील, सूर्य सदैव दक्षिणेला झुकलेला असतो अशा देशांतली. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो. या रीतीने चालणारा त्या काळात भलतीकडे जाईल. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशच वर असतो, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा. दरीत उभ्या असलेल्याला तो समोरच्या डोंगराआड जातो. हिवाळ्यात मृग नक्षत्राचा बाण अधिक कामाचा: त्या तीन ताऱ्यांतील उत्तरेकडचा तारा जवळजवळ नेमका पूर्वेस उगवतो आणि पश्चिमेस मावळतो. तथापि ताऱ्यांच्या आधारे सह्याद्रीत चालायचे नसते. रात्री थांबायचे आणि पहाटे कोणत्या बाजूस निघायचे ते ताऱ्यांवरून ठरवायचे.

फोनविषयी दोन टोके दिसतात. जुने भटके त्याला नाके मुरडतात आणि नवे त्याच्यावाचून पाऊल टाकीत नाहीत. मनोऱ्याची लहर नसली तरी उपग्रहांवरून स्थान कळते, म्हणून नकाशा घरीच उतरवून घ्यावा आणि डोंगरात फोन विमान-स्थितीत ठेवावा. बॅटरी दुप्पट पुरते. पण ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, खोल घळीत स्थान भरकटते, आणि दुसऱ्याने जानेवारीत नोंदविलेली वाट जुलैत पुराच्या पाण्यातून जाते. फोनने ‘कोठे’ सांगितले तरी ‘पुढे जावे का’ हे तो सांगत नाही. मदत मागताना अक्षांश-रेखांश कसे सांगतात, हेही शिकून घ्यावे. साडेअठरा अंश म्हणजे १८ अंश ३० मिनिटे. पडद्यावरचे १८.५० कोणी ‘अठरा अंश पन्नास मिनिटे’ असे वाचून दाखविले, तर शोधपथक सुमारे ३७ किलोमीटर उत्तरेस जाईल. आकडा दशांशात आहे की मिनिटांत, हे बोलतानाच स्पष्ट सांगावे आणि समोरच्याकडून परत म्हणून घ्यावे.

या सर्वांहून जुने साधन म्हणजे विचारणे, आणि तेही नीट कोणाला येत नाही. शहरातला तरुण ठाकराला किंवा महादेव कोळ्याला विचारतो, ‘मामा, ही वाट गडावरच जाते ना?’ मामा पाहुण्याचे मन मोडत नाहीत. ‘जाते की,’ म्हणतात. जातही असेल, सात कोस फिरून. प्रश्न असा हवा: ‘मामा, गडावर जायचं तर कुठनं जावं लागेल? मधे काय काय लागेल?’ मग ते सांगतात: आधी उंबर, मग पाण्याची डबकी, मग खडकात कोरलेल्या पायऱ्या. ती प्रत्येक खूण वहीत जावी. खूण लागली नाही की परतावे. शक्य तेथे गावातला वाटाड्या सोबत घ्यावा आणि त्याला दिवसाची रीतसर मजुरी द्यावी. ‘चहापाण्याला’ म्हणून शंभराची नोट पुढे करणे शोभत नाही.

आता गटाच्या शिस्तीविषयी. ज्यांना संघटित कामाची सवय आहे, त्यांच्यापुढे हा मुद्दा विशेष करून मांडावासा आहे. आज्ञापालनाची सवय असलेला गट डोंगरात एका बाजूने अधिक सुरक्षित असतो. कोणी फुटून जात नाही. दुसऱ्या बाजूने तोच गट नेत्यामागून निमूटपणे चुकीच्या वाटेने दूरवर जाऊ शकतो. मागे चालणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाने मघाची खूण पाहिलेली असते, पण त्याला बोलण्याची रीत माहीत नसते. म्हणून निघण्यापूर्वी सर्वांसमोर ठरवावे की कोणीही, सर्वांत लहान मुलानेही, ‘थांबा’ म्हटले की सगळे पाच मिनिटे थांबतील आणि नंतर त्याची थट्टा होणार नाही. नकाशा नेत्याकडे न ठेवता दुसऱ्याकडे द्यावा. जो पुढे चालतो त्याचे लक्ष पायांकडे असते. शेवटचा माणूस अनुभवी असावा, आणि त्याने मागे वळून पाहत यावे, कारण उतरताना तीच वाट वेगळी दिसते.

चुकल्याची खात्री झालीच तर बसावे. पाणी प्यावे, काहीतरी खावे, वेळ लिहावी, शेवटची निश्चित खूण कोणती ते सर्वांना विचारावे. तेथपर्यंतची वाट ओळखता येत असेल तर तेवढेच परत जावे. दोघांना ‘जरा बघून या’ म्हणून पुढे धाडू नये. एका शोधाचे दोन होतात. अंधार पडायला दोन तास उरले असतील तर वाट शोधण्याचा नाद सोडून, कड्यापासून आणि ओढ्याच्या पात्रापासून दूर, आडोसा पाहावा. भिजलेले कपडे बदलावेत आणि जवळजवळ बसावे. पावसात भिजलेल्या माणसाला वारा मारतो, आणि त्यासाठी तापमान शून्यावर यावे लागत नाही. शिटी प्रत्येकाच्या गळ्यात हवी: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांतता. उत्तरादाखल तीन शिट्या येतात. लहर मिळाल्यास ११२. आपल्याकडे शोधासाठी धावणारे पुष्कळजण, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे कार्यकर्ते, आपापली नोकरी-धंदा सांभाळून रात्री निघतात. त्यांना अचूक स्थान देणे एवढे तरी गटाच्या हातात असते.

पालकांसाठी एक काम आहे. मुलगा किंवा मुलगी डोंगरात निघताना एक कागद घरी मागून घ्यावा. त्यावर कोणत्या गावातून चढणार, कोणत्या वाटेने, कोठे उतरणार, गटात किती जण, वाटाड्याचे नाव, गाडी कोणाच्या अंगणात लावणार आणि खाली पोहोचण्याची वेळ लिहिलेली असावी. त्याखाली आणखी एक वेळ: इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवावी. ही वेळ मुलानेच लिहावी, म्हणजे त्या रात्री आईवडिलांना ‘उगाच बोभाटा नको’ असा संकोच पडणार नाही. कागद दिला नाही तर जाऊ देऊ नये. आणि गट खाली आला की गाडी सुरू करण्याआधी दोन कामे करावीत: घरी फोन, आणि ज्याच्या अंगणात गाडी होती त्या घरी ‘सगळे आलो’ असा निरोप. हा निरोप न देता गट परस्पर निघून गेला, तर गावातली माणसे कंदील घेऊन रात्रभर डोंगर तुडवतात आणि ज्यांचा शोध चालला आहे ती मुले पुण्यात झोपलेली असतात.